हॉलमधलं गाऱ्हाणं

मी आयर्लंडला निघाले तेव्हा आमच्या चाळीच्या हॉलमध्ये नाटकाची दुसरी घंटा झाली होती. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी, बॅगा डिकीत, आणि मी हॉलच्या दारात अडकलेली. आई दंड धरून ओढत होती, "चल गो, इमान तुझ्या नाटकासाठी थांबूचा नाय." पण गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय भांडुप सोडणं माझ्या जिवावर आलं होतं. त्यात त्या हॉलमधला हा शेवटचाच प्रयोग. रिडेव्हलपमेंटसाठी चाळ पाडायला घेणार होते.

तुम्ही जे तिथेच राहिलात आणि जे माझ्यासारखे लांब गेलात, त्या तुम्हाला गाऱ्हाणं समजावायला नको. पण आपली मुलं विचारतात, म्हणून लिहिते. कोकणात खेळाआधी देवाला हात जोडून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतात आणि जमलेली माणसं दर मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमच्याकडे ते बाबा घालायचे. देवापासून सुरू झालेलं त्यांचं गाऱ्हाणं बघता बघता गटारावर यायचं. पाणी कुणी पळवलं, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, सगळं. देव न मानणारे शेजारीही रांगेत बसून नुसतं "हो" म्हणायचे, कारण गटार सगळ्यांचंच होतं. एकदा प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या नगरसेवकाला स्वतःविरुद्धच्या गाऱ्हाण्याला हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणावं लागलं. गटार साफ झालं, बरं का. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि दोन स्पॉटलाइट एवढाच आमचा हॉल, पण भांडुपात मी न्याय बघितला तो तिथे.

त्या दिवशी बाबांनी मला दारात पाहिलं आणि शेवटी म्हणाले, "ही जी लेक परमुलखात चल्ली आसा, तिची राखण कर रे म्हाराजा!" अख्खा हॉल गरजला. आईने मला ओढत बाहेर काढलं. मी रडत टॅक्सीत बसले.

इथे मी नर्स आहे. शिफ्ट, बस, मायक्रोवेव्हमधला भात. समोरच्या दारामागे कोण राहतं ते मला अजून नीट माहीत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये काही गाऱ्हाणं असेल तर ईमेल करायचा, मग उत्तर येतं की तुमचा ईमेल मिळाला. चिडायचं कुणावर?

चाळ पडली, माणसं भाड्याने विक्रोळी-मुलुंडला पांगली, मग टॉवर उभा राहिला तशी परत आली. बिल्डरने कबूल केल्याप्रमाणे तळमजल्यावर हॉल दिला. पण वरचे मजले नव्या लोकांनी घेतले होते, त्यांना तिथे जिम हवी होती. चुकीचे नव्हते ते. त्यांनी तो हॉल फक्त रिकामा बघितला होता. रविवारी सोसायटीची मीटिंग ठरली. मतदानात आपली जुनी मंडळी कमी पडणार हे उघड होतं. मी ड्युटीवर होते. ब्रेकरूममध्ये व्हिडिओ कॉल लावून बसले. आईने फोन उंच धरला होता.

सेक्रेटरी म्हणाले, "काका, पॉइंटवर बोला हां, प्लीज." बाबांनी माइक घेतला आणि भाषणाऐवजी सवयीने हातच जोडले. "बा देवा म्हाराजा, हय जमलेल्या तुझ्या लेकरांचा गाऱ्हाणा आयक..."

वाट लागली, मला वाटलं. मागच्या रांगा हसायला लागल्या. बाबा थांबले नाहीत. "वरच्या मजल्यार जी नवी माणसा रवाक इली, त्यांची लिफ्ट सारखी बंद पडता. ती चालू रवांदे रे म्हाराजा!" जुने लोक सवयीने ओरडले, "व्हय म्हाराजा!" मागून एक बाई म्हणाली, "हो ना यार, खरंच!" पुढच्या मागण्यांना नवे लोकही हसत हसत साथ देऊ लागले.

मग बाबा म्हणाले, "आणि एकमेकांची तोंडा बघूक ह्यांका ही एक जागा रवांदे रे म्हाराजा!"

सगळे गप्प. या मागणीला हो म्हणणं म्हणजे मत देणं, हे सगळ्यांनाच कळलं होतं. जुनेही दबकले. त्या शांततेत आईच्या हातातल्या फोनमधून एकच आवाज आला, नेटवर्कमुळे उशिरा पोचलेला. "व्हय म्हाराजा!"

माझा होता तो.

सगळ्यांनी वळून पाहिलं. "हे कोण?" सेक्रेटरींनी विचारलं. "माझा चेडू," आई म्हणाली, "आयर्लंडातसून." मग हात वर व्हायला लागले, आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठलं. वॉर्डातून बेल वाजली. फोन खिशात टाकून मी पेशंटची उशी सारखी करत होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. अखेर फोन थरथरला. आईचा मेसेज होता: "हॉल रवलो. जिम गच्चीर."

पेशंट आजीबाईंनी मला टिश्यू दिला.

आता तिथे पुन्हा नाटकं होतात. प्रयोगाच्या दिवशी आई मला फोन लावून पहिल्या रांगेत बसते. घर कुठे म्हणून विचारलं तर मी भांडुपचा तो हॉल सांगते. बाबा मागणं मागतात, अख्खा हॉल "व्हय म्हाराजा" म्हणतो, आणि बाबा लगेच पुढे जात नाहीत. माझा आवाज पोचेपर्यंत ते थांबतात.