तिच्या नावाचं भांडं

लहानपणी मी ज्या ताटात जेवले, त्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव होतं. भावाच्या पेल्यावर तिसऱ्याचं. आदिलाबादच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान. लग्नसराईत लोक आहेराची भांडी घेत आणि त्यांवर नाव घालून मागत, कुणाकडून कुणाला, सप्रेम भेट. बाबा नाव घालून ठेवत. मग कधी सोयरीक मोडे, कधी नवरीचा मामा रुसून बसे की माझं नाव आधी का नाही, तर कधी माणूस परत फिरकतच नसे. नाव घातलेलं भांडं दुसऱ्याला विकता येत नाही. ते आमच्या घरी येई. अख्ख्या तालुक्यातल्या न झालेल्या लग्नांची भांडी आमच्या स्वयंपाकघरात नांदत होती. पान वाढताना आई विचारायची, "आज कोनत्या नवरदेवाच्या ताटात जेवतं?"

बाबांचं अक्षर दुकानाचं भूषण होतं. लहान छिन्नी, लहान हातोडी, आणि ठिपक्याला ठिपका लावत काढलेलं नाव. आता सगळीकडे मशीन आलं, आमच्याकडेही आहे, पण तांब्याच्या भांड्यावर ते अजून हातानेच घालतात. मराठी घालतात, उर्दू घालतात. तेलुगू त्यांना धड वाचता येत नाही, पण समोर कागदावर लिहून दिलं तर असं उतरवतात की गिऱ्हाईक बोट फिरवून बघतं.

नाव घालण्याइतकंच नाव काढण्याचंही काम असे. लोक जुनी भांडी मोडीत देऊन नवी नेतात. त्या मोडीवर नाव असेल तर बाबा आधी कानस घेऊन बसत आणि ते घासून काढत. मगच भांडं पोत्यात. ही आमच्या आजोबांची शिकवण. नाव भट्टीत जाऊ नये, माणूस असो नसो. बाकीचे दुकानदार हसत. आई तर म्हणायची, "घालतानाही तुमीच, पुसतानाही तुमीच, ब्रम्हदेव हायेत आमचे." बाबा घासत राहत.

एका दिवाळीला आई भांडी घासून मांडत होती. सहज म्हणाली, "साऱ्या गावाच्या नावाचं घालता, माह्या नावाचं एखादं घाला ना." बाबा वर न बघता म्हणाले, "घरच्या भांड्याले नाव कायले? कोन चोरून राह्यलं?" ती हसली. तिचं हसणं असं होतं की विषय संपल्यासारखा वाटे. मला मात्र राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

दुकानाच्या पाटीवर मराठी आणि तेलुगूच्या खाली इंग्रजीत एक ओळ आहे, तिच्यात भांड्यांसाठी व्हेसल्स असा शब्द आहे. पेंटरने सुचवला, बाबांना भारी वाटला. भावाने दुकानात बसावं म्हणून बाबांनी जंग जंग पछाडलं. त्याने आयटीआय केलं, फिटर झाला, आणि ज्या जिल्ह्याला समुद्र कुठल्याच बाजूला जवळ नाही त्या जिल्ह्यातून उठून मालवाहू जहाजाच्या इंजिनात कामाला लागला. भांड्याला भांडं लागायचंच, पण या दोघांचं एवढं लागलं की जाताना बाबा दुकानातून उठलेसुद्धा नाहीत. आईने हातावर दही दिलं. तो गेल्यावर तिने संध्याकाळपर्यंत केर काढू दिला नाही.

पहिल्या फोनवर तो सांगू लागला, आमची व्हेसल अशी आहे, व्हेसल तशी आहे. आईने विचारलं, हे व्हेसल काय रे? मी म्हटलं, जहाज. आणि आपल्या पाटीवर आहे ना, तोच शब्द. ती एवढी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून तिने जहाजाला जहाज म्हटलं नाही. फोन आला की पहिला प्रश्न, "तुह्यं भांडं कुठवर आलं रे?" तो कुठल्या कुठल्या बंदरांची नावं सांगे. तिला एकही माहीत नसे. "गळत तं नाई ना?" असं मात्र ती दर वेळी विचारायची, आणि त्यात थट्टा किती अन् भीती किती ते मला कधी कळलं नाही. बाबा शेजारी बसून ऐकत. फोन हातात घेत नसत.

ती पडली ती सकाळी, ज्वारीचं पीठ चाळताना. शेजारणीने मला जवळच्या मावल्याला, सासरी फोन केला. मी पोचले तेव्हा तिचा उजवा हात पिठात होता आणि तिला बोलता येत नव्हतं. दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, अर्धं तेलुगू, अर्धं इंग्रजी बोलत होता. मेंदूतली व्हेसल फुटली आहे, म्हणाला. शब्द पाटीवरचा, म्हणून बाबांना तेवढाच कळला. ते माझ्याकडे बघू लागले. मी सांगितलं, नस, बाबा. डोक्यातली नस फुटली. त्यांनी डॉक्टरला हिंदीत विचारलं, "टाँका नहीं लगता क्या?" आणि मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "डाग देता येत नाई काय त्याले?" गळकं भांडं झाळतात त्याला आमच्याकडे डाग देणं म्हणतात. तिला मोठ्या शहरात हलवायचं ठरत होतं, गाडी दारात उभी होती, तेवढ्यात ती गेली.

भावाला मीच फोन केला. जहाज भर समुद्रात होतं. त्याने ऐकलं आणि विचारलं, "आता कुठे आहे ती?" जणू तीही कुठून तरी निघालेली होती. मग म्हणाला, मी येतो. कसा येणार होता? बस थांबवावी तसं जहाज थांबत नाही.

न्यायची तयारी अंगणात चालली होती. कुणीतरी मातीचं मडकं आणून बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. आवाज ऐकला, मान हलवली. आयुष्यभराची सवय. आजूबाजूच्या लोकांनी नजर वळवली. मला तिथेच रडू फुटलं, तोवर मी रडले नव्हते.

अस्थी आणायला बाबा दुकानातून तांब्या घेऊन गेले, तांब्याचाच, जाड पत्र्याचा. घरात अस्थी आणत नाहीत. पांढऱ्या फडक्याने तोंड बांधून तो तांब्या कुंपणाबाहेरच्या कडुलिंबाला टांगला. रीतीप्रमाणे दहाव्याच्या आत गोदावरीवर, बासरला न्यायचा होता. बाबांनी सांगितलं, पोरगा आल्याशिवाय नेणार नाही.

भैंशाहून आलेली आत्या हादरली. ती बाबांची थोरली बहीण, सगळ्या घरात तोंडावर बोलणारी. म्हणाली, "अशा टांगून ठेवल्या तं जीव अडकून राह्यते बापा. ते पोरगं कवा येईन, काऊन थांबून राह्यला?"

"जीव अडकलाच हाय," बाबा म्हणाले. "पोरात."

दहावं झालं, तेरावं झालं, पाहुणे गेले. आत्या थांबली, पण बाबांशी बोलेना. भावाचं जहाज एका बंदराबाहेर येऊन उभं राहिलं होतं. आत जागा मिळत नव्हती, त्याच्या बदलीचा माणूस आला नव्हता, आणि परवानगीशिवाय उतरता येत नव्हतं. तो म्हणायचा, ताई, रात्री किनाऱ्यावरचे दिवे दिसतात. मला त्याचा राग यायचा. दिवे दिसतात म्हणे. इथे झाडाला आई टांगलेली, वारा सुटला की फडकं फडफडतं, आणि येणारा-जाणारा आमच्या घराकडे बघून पाऊल उचलतो. मग फोन ठेवल्यावर वाटायचं, तो तरी काय करील? त्याला तर झाडही नाही बघायला.

एका दुपारी तो फोनवर नुसता हुंदके देत होता. बाबांनी हात पुढे केला. इतक्या वर्षांत त्यांनी फोन मागितला नव्हता. कानाला लावला, खाकरले, आणि म्हणाले, "तुह्यं भांडं कुठवर आलं रे?"

बाबांनी फोन कानाशी दाबून धरला. मग त्याने काही सांगितलं असावं. "बरं," बाबा म्हणाले, "गळत तं नाई ना? मंग ये सावकाश. तिले मी धरून ठेवतो." आत्या दारात उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला, आणि त्या संध्याकाळपासून कडुलिंबाखाली दिवा तीच लावू लागली.

त्याच सुमारास, दुकान मी सांभाळत असताना, एक दिवस लवकर परतले तर बाबा झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले. तांब्या उतरवून मांडीवर घेतलेला, फडकं तसंच बांधलेलं. हातात छिन्नी. ते ठोकत नव्हते, ठोकलं असतं तर आत हादरा बसला असता. छिन्नीचं टोक नुसतं हाताने दाबत, रेटत, एकेक ठिपका उमटवत होते. तशा कामाला जोर फार लागतो. अंगठा सोलवटला होता. मी मागून पाहिलं. आईचं नाव होतं. पुढे सौभाग्यवती नाही, मागे आडनाव नाही, कुणाकडून नाही की सप्रेम नाही. नुसतं नाव.

मी म्हटलं, "आता घालता होय."

त्यांनी मान वर केली नाही. "तिनं मांगितलं होतं," एवढंच म्हणाले.

मला वाटलं होतं ते विसरले असतील. विसरले असते तर बरं झालं असतं, निदान माझा राग तरी शाबूत राहिला असता.

भाऊ आला तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती आणि अंगाला तेलाचा वास येत होता. घरात न शिरता तो थेट झाडाकडे गेला. तांब्या दोन्ही हातांत घेतला, वजन केल्यासारखा धरला आणि माझ्याकडे पाहिलं. "एवढीच?" म्हणाला. बाबा पायरीवर उभे होते. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, काढला, परत ठेवला. दोघांमध्ये यापेक्षा जास्त काही झालं नाही.

बासरला आम्ही तिघंच गेलो. भैंशापाशी कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, तिच्यात अडकून बसलो तेवढा वेळ तांब्या भावाच्या मांडीवर होता. तो नावावरून बोट फिरवत होता. लहानपणी त्याला याच अक्षरांवरून बोट फिरवत बाबांनी वाचायला शिकवलं होतं, फक्त तेव्हा नावं परक्यांची होती.

नावाड्याने आम्हाला पाण्यात थोडं आत नेलं. भावाने फडकं सोडलं आणि अस्थी सोडल्या. पाण्यावर राख जरा वेळ राहिली, मग दिसेनाशी झाली. रिकामा तांब्या त्याच्या हातात राहिला. नावाडी म्हणाला, "लोटा भी छोड़ दो." तीच रीत. त्या भांड्याने घरी परत जायचं नसतं.

भावाने हात पुढे केला, तर बाबा म्हणाले, थांब. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली कानस काढली.

मला एकदम कळलं. नदीत सोडलेली भांडी पोहणारी पोरं काढतात. ती बाजारात येतात. मोडीत जातात, आमच्यासारख्याच कुठल्या तरी दुकानात, आणि तिथून भट्टीत. हे बाबांइतकं कुणाला माहीत असणार? नाव घातलं तेव्हाच त्यांना माहीत होतं की ते आपल्यालाच पुसायचं आहे.

"राहू द्या ना बाबा," भाऊ म्हणाला. "एकच तर आहे तिच्या नावाचं."

"म्हनूनच," बाबा म्हणाले आणि घासू लागले.

नाव हलायला तयार नव्हतं, फार खोल घातलं होतं. बाबांची कानस घसरू लागली तसा भावाने तांब्या घेतला. तो फिटर, त्याचा हात कानशीला सरावलेला. तांब्याचा लालसर भुगा त्याच्या पँटवर पडत होता. मी नावेची कड घट्ट धरून बसले होते आणि मनात म्हणत होते, नका पुसू, नका पुसू. शेवटी ती जागा नुसती लखलखीत झाली. बाबांनी तिच्यावरून सोललेला अंगठा फिरवला.

"अजून लागून राह्यलं हाताले," ते म्हणाले. भावाने परत कानस उचलली. "नको," बाबा म्हणाले. "राहू दे तेवढं."

त्यांनी स्वतः तांब्या पाण्यावर ठेवला. तो लगेच बुडाला नाही. उभाच्या उभा, थोडा कलंडत, प्रवाहाबरोबर पुलाच्या दिशेने जाऊ लागला. बाबांना लांबचं दिसत नाही. डोळ्यांवर हात धरून ते त्या बाजूला बघत राहिले.

"कुठवर गेलं रे?" त्यांनी विचारलं.

"हाय अजून," भाऊ म्हणाला. "दिसून राह्यलं."

मी नदीकडे पाहिलं. तांब्या पुलाच्या अलीकडेच बुडाला होता.