देव वगळून दहा आज्ञा

आर्डिथ क्लेबोबाईंशी वाद घालण्यापेक्षा बेल फोर्कमधली माणसं दाढ उपटून घ्यायला तयार असत. दातांचा डॉक्टर निदान आधी बधिर तरी करतो. बाई साठीच्या पुढच्या आणि अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की टेनेसीच्या डोंगरांनाही दोनदा परत फेकावा लागे. फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चच्या रविवारच्या शाळेत त्यांनी गावाच्या दोन पिढ्या शास्त्रवचनांत घोळवून काढल्या होत्या. गावचा शेरीफ त्यांचा विद्यार्थी, बँकेचा मॅनेजर त्यांचा, आणि राज्याच्या तुरुंगात बसलेले तिघेही त्यांचेच. त्या तिघांवरून कुणी टोमणा मारला की बाई म्हणत, "प्रभूकडे बाराच शिष्य होते, तरी एक वाया गेला. माझं प्रमाण त्या मानानं बरं आहे."

खोट्याचा त्यांना मनापासून तिटकारा. सख्ख्या बहिणीनं दुकानातून आणलेला पीच पाय, म्हणजे फळं भरून भाजलेलं गोड पक्वान्न, चर्चच्या जेवणात घरचा म्हणून मांडला, तेव्हा बाईंनी तिला सगळ्यांसमोर उभं करून कबूल करायला लावलं होतं. बहीण रडली. बाईंनी पायचे दोन तुकडे खाल्ले आणि पीठ कच्चं असल्याचंही सांगितलं.

न्यूयॉर्कचे मनोरे पडले त्याच्या पुढच्या वर्षी गावात देवाला एकदम बरे दिवस आले. पेट्रोल पंपापासून केस कापायच्या दुकानापर्यंत जिथे तिथे झेंडा आणि त्याखाली एखादं वचन. अशात काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मंडळाचा सभासद रॉइस टिप्टन याला साक्षात्कार झाला, की कचेरीपुढच्या हिरवळीवर बायबलातल्या दहा आज्ञांचा दगड उभारला पाहिजे. हा रॉइस जुन्या गाड्या विकायचा, आणि गाडीचं मीटर व स्वतःचं तोंड दोन्ही गरजेप्रमाणे फिरवायचा. निवडणूक तोंडावर आली होती हा केवळ योगायोग. तोही बाईंचाच विद्यार्थी, त्यामुळे समितीचं अध्यक्षपद आपसूक बाईंकडे आलं. बाईंनी केक विकले, बटाट्याचं सॅलड विकलं, आणि जे विकत घेईनात त्यांच्याकडे नुसतं बघितलं. दगड उभा राहिला. करडा ग्रॅनाइट, माणसापेक्षा उंच.

अनावरणाला अख्खी काउंटी लोटली. पाळक ब्रदर लॉनी यांनी इतकी लांब प्रार्थना केली की बँडवाल्यांच्या पिपाण्या उन्हानं तापल्या. रॉइस रडला, त्याला हवं तेव्हा रडता येई. मग बाई माइकपुढे आल्या, जरी त्यांना माइकची गरज नव्हती. "हा दगड देवाचा आहे," त्या म्हणाल्या, "आणि ज्याला तो बघवत नसेल, त्यानं कचेरीच्या मागच्या दारानं आत जावं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फक्त थर्मन ओक्स टाळी न वाजवता निघाला, आणि मागच्या दाराकडे न जाता थेट शहरातल्या फेडरल कोर्टात दगड हटवण्याचा दावा लावायला गेला.

असला खटला भरायला कुणीतरी कॅलिफोर्नियाचा दाढीवाला नास्तिक येईल अशी गावाची तयारी होती. शिव्यासुद्धा त्या हिशेबानं जमवून ठेवल्या होत्या. निघाला आपला थर्मन, निवृत्त पोस्टमन, मेथडिस्ट पंथाच्या चर्चच्या गायकवृंदातला सगळ्यात खर्जातला आवाज! किराणा दुकानात बाईंनी त्याला गाठलं.

"लाज नाही वाटत? रविवारी गातोस कुणासाठी?"

"त्याच्यासाठीच," थर्मन कांदे निवडत म्हणाला. "म्हणूनच त्याला काउंटीच्या ताब्यात द्यायला जीव धजत नाही. यांना मिल रोडवरचे खड्डे सांभाळता येत नाहीत, आर्डिथ. देव काय सांभाळणार?"

बाईंनी त्याच्या पिशवीत डोकावून कांदे मऊ पडलेत असं सुनावलं आणि चालू लागल्या.

काउंटीच्या बाजूनं नॅशव्हिलहून प्रेस्टन व्हँडग्रिफ नावाचे वकील आले. त्यांचे बूट इतके चकचकीत की चर्चच्या तळघरातल्या बैठकीत अर्धा वेळ लोक त्यांच्याच पायांकडे बघत होते. तळलेली कोंबडी आणि गोड चहा झाल्यावर साहेबांनी हात पुसले.

"जिंकायचं असेल तर एक गोष्ट पक्की करा. हा दगड धार्मिक नाही."

सगळ्यांनी बुटांवरून नजर वर केली.

"मग कसला आहे?" बाईंनी विचारलं. "पाणीपुरवठ्याचा?"

"ऐतिहासिक. सरकारी जागेत धर्मासाठी काही उभारलं असेल तर कोर्ट ते काढायला लावतं. पण हेतू कायद्याच्या इतिहासाचा असेल तर आपल्याला जागा आहे. साक्षीत कुणीही देवाचं नाव काढायचं नाही."

"दगडावरचं पहिलंच वाक्य 'मी परमेश्वर तुझा देव आहे' असं आहे. ते काय शेरीफची नोटीस म्हणून वाचायचं?"

"क्लेबोबाई, देवावर माझीही श्रद्धा आहे. कोर्टाबाहेर."

मग इतिहासाची जमवाजमव झाली. दगडाच्या दोन्ही बाजूंना राज्यघटना, स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि मॅग्ना कार्टा ही इंग्लंडची जुनी सनद यांच्या फ्रेम केलेल्या प्रती उभ्या राहिल्या. रॉइसला मॅग्ना कार्टा हे नव्या मेक्सिकन हॉटेलचं नाव वाटलं होतं. तिथे जेवण कसं मिळतं, असं त्यानं विचारलं. समितीच्या लोकांना उत्तरं पाठ करायला दिली. ज्यांना जन्मात स्तोत्र धड पाठ झालं नव्हतं ते 'पाश्चात्त्य कायद्याचा पाया' घडाघडा म्हणू लागले. ब्रदर लॉनी म्हणाले, "हेतू शुद्ध असला की शब्दांचं देव बघून घेतो." पाळकाच्याच तोंडून असं ऐकल्यावर तळघरातल्या सगळ्यांना फार हलकं वाटलं.

बाईंना वाटलं नाही. घरी आरशापुढे उभं राहून त्यांनी ते वाक्य म्हणून बघितलं. 'समितीचा हेतू केवळ ऐतिहासिक होता.' जीभ 'केवळ'पाशी अडकली. नवरा हॉइट दाराशी गळाच्या दोऱ्या सोडवत बसला होता.

"मोशेचं नशीब," तो म्हणाला. "आज्ञा घेऊन डोंगरावरून उतरला तेव्हा बरोबर वकील नव्हता."

"तू गप्प बैस. तू समितीत नाहीस."

"म्हणून तर मला झोप लागते."

दुसऱ्या दिवशी रॉइस स्वतः आला. टोपी हातात, चेहऱ्यावर रविवारची नम्रता, तोंडी शाळेत असल्यापासूनचं 'मिस'. "मिस आर्डिथ, ही काही खोटी साक्ष नाही. डावपेच आहेत. शेवटी देवासाठीच करतोय ना आपण?"

"देवाला तुझ्या थापेचा आधार लागायला लागला असेल तर त्याचे दिवस फार वाईट आलेत, रॉइस."

"पण हरलो तर दगड जाईल! सगळ्यांत मोठी साक्ष तुमची आहे. सांगितलंय तेवढं म्हणा, आणि विसरून जा."

"बघते," बाई म्हणाल्या. आयुष्यभर ज्यांनी कुणाला 'बघते' असं सांगितलं नव्हतं, त्यांनी सांगितलं. रॉइस गेल्यावर स्वतःचीच चीड येऊन त्यांनी चकचकीत ओटा पुन्हा घासायला घेतला.

कोर्टात समितीचे लोक एकामागून एक उठले आणि आपल्याला इतिहासाचं किती वेड आहे ते सांगून बसले. ब्रदर लॉनींनी तर आपण दगडाकडे पाहताना धर्माचा विचार करतच नाही असंही सांगितलं. ज्या विचाराचा त्यांना पगार मिळे, नेमका तोच. थर्मन शेवटच्या बाकावर मान खाली घालून ऐकत होता.

बाईंची पाळी आली. कारकुनानं उजवा हात वर करायला लावला. खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही, देव मला साहाय्य करो. ज्या दालनात देवाचं नाव काढायचं नव्हतं तिथे ते सर्वांत आधी कोर्टानंच काढलं. बाईंनी पुढे बघितलं. रॉइस मान हलवून धीर देत होता, गिऱ्हाइकाला सहीसाठी पेन पुढे करताना हलवतो तशी.

"दगड उभारण्यामागे समितीचा हेतू काय होता?" व्हँडग्रिफसाहेबांनी विचारलं.

बाईंनी रॉइसवरून नजर काढली.

"देव," बाई म्हणाल्या.

"क्लेबोबाई, तुम्हाला म्हणायचंय की इतिहासाच्या दृष्टीनं..."

"मला काय म्हणायचंय ते मला ठाऊक आहे, साहेब. इतिहासाचा काही संबंध नव्हता. आमच्यात इतिहास कुणाला येतच नाही. ते बाजूचे कागद तुम्ही सांगितलेत म्हणून लावले." मग त्या न्यायाधीशांकडे वळल्या. "महाराज, दगड राहावा असं मला आजही वाटतं. देवाचा म्हणून राहावा. तो देवाचा नाहीच असं म्हणून ठेवायचा असेल, तर ठेवण्यात काय उरलं? त्यावरच लिहिलंय, खोटी साक्ष देऊ नको."

व्हँडग्रिफसाहेब हवा गेलेल्या टायरसारखे खुर्चीत बसले. परतीच्या बसमध्ये बाईंच्या शेजारची जागा रिकामी राहिली.

निकाल काय लागायचा तोच लागला. क्रेननं दगड उचलला तेव्हा रॉइस पुन्हा रडला, या वेळी टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे. "देवाला हाकललं," तो म्हणाला, "आणि आपल्यातल्याच एकानं दार उघडून दिलं." गावानं बाईंना बारांतला तो दगाबाज यहूदा ठरवलं. खाल्ल्या घरचे वासे मोजते म्हणाले. सत्यासाठी छातीठोक भाषणं देणाऱ्या गावाला सत्य प्रत्यक्षात भेटलं, आणि ते फार उद्धट निघालं. ब्रदर लॉनींनी प्रेमळ आवाजात सुचवलं, "बहिणी, थोडी विश्रांती घ्या." रविवारची शाळा रॉइसच्या बायकोकडे गेली. हॉइटच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर एकाही घरातून रीतीप्रमाणे भाजलेल्या मॅकरोनीचं भांडं आलं नाही. आमच्याकडे वाळीत टाकल्याचं वेगळं पत्रक काढावं लागत नाही.

बाईंना खरं तर वाटलं होतं की देव काहीतरी खूण करील. निदान मनाला समाधान देईल. त्यांनी वाट पाहिली. तिकडून पोच आली नाही. त्या स्वयंपाकघरात एकट्या बसून रडल्या, मग तोंड धुऊन हॉइटच्या गुडघ्याला बर्फ लावायला गेल्या.

पुढच्या आठवड्यात शहरातल्या कुठल्याशा निधर्मी संस्थेचा फोन आला. बाईंना शौर्याचा पुरस्कार द्यायचा होता.

"तुम्ही देव मानता?" बाईंनी विचारलं.

"तसं नाही, पण तुमच्या धैर्याचा..."

"तुमच्यासाठी मी रोज प्रार्थना करीन," बाई म्हणाल्या, "आणि मोठ्यानं." फोन ठेवला.

थर्मन मात्र दारात आला, हातात पीच कॉब्लर या घरी भाजलेल्या गोड पदार्थाचं भांडं. "आर्डिथ, तुझ्यामुळे मी जिंकलो."

"पुन्हा म्हणालास तर झाडूनं हाकलीन. मी तुझ्या बाजूनं बोलले नाही."

"ठाऊक आहे. म्हणूनच आणलंय."

बाईंनी भांडं घेतलं, चव बघितली, साखर जास्त झाल्याचं सांगितलं आणि त्याला बसायला खुर्ची दिली. बॅप्टिस्टांच्या इतिहासात मेथडिस्टाशी याहून मोठा तह झालेला नाही.

दगडाचं नशीब मात्र फळफळलं. रॉइसनं तो स्वतःच्या गाड्यांच्या आवारात उभा केला. खाजगी जागा, कायद्याची कटकट नाही. वर फलक, 'कोणालाही कर्ज'. सेलच्या दिवसांत आज्ञांना फुगे बांधत. बाई जाऊन म्हणाल्या, "ते फुगे तरी काढ."

"मिस आर्डिथ, धर्म लोकांच्या रोजच्या जगण्यात हवा, हे तुम्हीच शिकवलंत," रॉइस म्हणाला. त्या वर्षी तो आजवरच्या सर्वांत जास्त मतांनी निवडून आला.

बाई चर्चला जात राहिल्या, त्याच बाकावर बसल्या. आणि दर महिन्याला मंडळाच्या बैठकीलाही जाऊ लागल्या. तिथे कुणाही नागरिकाला थोडा वेळ बोलता येतं, आणि बाईंकडे आता रविवारची शाळा नसल्यानं वेळच वेळ होता. हिवाळ्याच्या तोंडावरच्या बैठकीत रॉइसनं नेहमीप्रमाणे डोळे मिटून प्रार्थना केली, "प्रभू, आमच्यातल्या गरिबांना ऊब दे." पुढचाच विषय म्हाताऱ्यांना घर गरम ठेवायला मिळणारी मदत बंद करण्याचा होता.

बाई उठल्या. "रॉइस, एक विचारू? आत्ता देवाकडे जे मागितलंस ते खरंच हवंय का? की तोही इतिहासच होता?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. सभासद आपापल्या कागदांत बुडाले. विषय पुढे ढकलला गेला.

पुढच्या महिन्यात मदत कापलीच. फक्त त्या दिवशीच्या प्रार्थनेत रॉइसनं गरिबांचा उल्लेख गाळला. बाई घरी येऊन हॉइटला म्हणाल्या, "प्रगती आहे. निदान खोटं तरी कमी बोलायला लागलाय."