नागझिऱ्याच्या वेशीवर, बेंबीखाली धूर

भर एप्रिलात, जंगलाच्या वेशीवर, मी स्वतःच्या बेंबीखाली वाळका पाला पेटवला. चूक सर्वस्वी माझी.

पंचावन्नी ओलांडल्यापासून मला पंख्याखाली घाम फुटायचा, झोप उडायची, आणि आमटीत मीठ कमी पडलं तरी मी अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असा ओरडायचो. कोरियन वैद्यक शिकून आलेल्या पुण्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बायकांची पाळी जाते तसाच हा पुरुषांचा उतार. तिकडचं जुनं शास्त्र सांगतं, मूत्रपिंडाची ऊब सरते. उपाय म्हणजे सुया, काढे आणि त्तुम (नागदवण्याच्या पाल्याचा शेक). शेक दवाखान्यातच घ्या, असं त्यांनी बजावलं. मी त्या पाल्याच्या, पेटवून शेकायच्या वड्या ऑनलाइन मागवल्या.

बायकोनं, सुनंदानं, नागझिऱ्याच्या सफारीला निघताना एवढंच सांगितलं, "तिथं एकदा जरी ओरडलात, तर यापुढे मी एकटी फिरेन."

गोंदियात तर्रीत बुडालेले पोहे खाल्ले, शहराबाहेरचं कुडवा गाव मागे टाकलं आणि मोहाच्या वासात शिरलो. मुक्काम एका शेतकऱ्याच्या घरी. दुसऱ्या सकाळी सुनंदा घरमालकिणीबरोबर मोहफुलं वेचायला गेली. मी दार लोटून वडी पोटावर ठेवली, पेटवली. ऊब इतकी गोड, की कितीतरी रात्रींनी डोळा लागला.

जाग आली ती चटक्यानं. दारात धूर बघून धावत आलेले वनरक्षक उईके, हातात आग झोडपायची हिरवी फांदी. मागे सुनंदा आणि निम्मं गाव.

"पाला काऊन जाळून रायले? फुलं वेचाले मोहाखाली पाला जाळाची बंदी आहे."

"मोहाखाली नाही, बेंबीखाली," मी म्हणालो.

त्यांनी नीट पाहिलं आणि माठ माझ्यावर उपडा केला. मग सगळ्यांसमोर मला आजार समजावून सांगावा लागला. घरमालकीण म्हणाली, "आमाले असाच गरम होये, तवा आमी रोवणा (भातलावणी) करत होतो." उईके माझी काडेपेटी घेऊन गेले.

पोटावर पट्टा सोसवेना, म्हणून उरलेली सफारी मी लुंगीत केली. जीप आदळली, वाघ दिसला नाही, भाजीत मीठच नव्हतं. मी शब्दानंही तापलो नाही. परतीच्या गाडीत वाटलं, माणूस दूरदेशीच्या विद्येला उगाच हसतो. सुनंदाला म्हटलं, "बघ, गुण आला. एकदाही ओरडलो नाही."

"ओरडायला पोटातून जोर लागतो," ती म्हणाली. "तुमचं भाजलंय."