दोन पक्ष आणि एक सोऱ्या

गेल्या निवडणुकीत अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा, हे ठरवायचं काम आमच्या घरावर येऊन पडलं होतं.

आधी आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहायचो. तिथला निकाल सगळ्यांनी आधीच गृहीत धरलेला असल्यामुळे आम्हाला कुणी हिंग लावूनही विचारत नव्हतं. मग मोठं घर स्वस्तात मिळतंय म्हणून श्रीकांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आम्हाला पेनसिल्व्हेनियात आणलं. घराच्या एजंटाने छप्पर दाखवलं, शाळा दाखवली, तळघरात पाणी येत नाही अशी शपथही घेतली. पण हे राज्य ऐनवेळी कुठल्याही बाजूला झुकतं आणि त्यामुळे निवडणूक आली की इथल्या माणसांना कुणी सुखाने जेवू देत नाही, हे काही तो बोलला नाही.

उन्हाळा संपता संपता टपालपेटी तुंबायला लागली. निळ्यांचं पत्रक म्हणायचं, लाल आले तर देश बुडेल. लालांचं पत्रक म्हणायचं, निळे राहिले तर देश बुडेल. (पक्ष इथे दोनच आहेत, त्यामुळे रंगावर भागतं. देश बुडणार याबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं.) माझं डोकं फिरायचं. एवढा मोठा देश, इथे दुकानात गेलं तर नुसत्या दह्याची भिंत असते, आणि राष्ट्राध्यक्ष निवडायचा तर दोनच डबे! तेही झाकण न उघडता वास येणारे.

श्रीकांतला असले त्रास होत नाहीत. तो पुण्याचा आहे, त्याचं मत आधीच झालेलं असतं. "त्यातल्या त्यात बरा बघायचा आणि मोकळं व्हायचं," असं म्हणून त्याने टपालाने मत पाठवूनही दिलं. त्यातल्या त्यात बरं बघून मी आजवर वांगी घेतली आहेत, आणि तीसुद्धा किडकी निघाली आहेत.

खरा प्रश्न इराचा होता. इरा ही आमची मुलगी. नुकतीच अठरा पूर्ण झालेली, म्हणजे तिचं पहिलंच मत. तिने एका संध्याकाळी वरणभात कालवता कालवता जाहीर केलं, "आय ॲम नॉट व्होटिंग. दे आर बोथ टेरिबल."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मी त्याच वसंतात नागरिकत्वाची शपथ घेतली होती. त्यासाठी व्हिसा, मग ग्रीन कार्डची रांग, मग मुलाखत, असं करता करता माझे केस पांढरे झाले होते. आणि हिला ज्या हक्कासाठी फक्त जन्माला यावं लागलं, तो ही आमटीच्या वाटीसारखा बाजूला सरकवत होती. मला राग आला आणि वाईटही वाटलं. मी लोकशाहीवर जे बोलायला लागले, ते श्रीकांत ताक पिऊन उठला तरी संपलं नाही.

इराने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओके आई. दोघांपैकी एकाला व्होट करायचं एक रीझन दे. बट दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. दिलंस तर मी येते तुझ्याबरोबर."

मी म्हटलं, एवढंच ना! आणि कामाला लागले.

दोन दिवस वाचून माझ्या लक्षात आलं की पोरीने मला चांगलंच अडकवलंय. दुसऱ्याला शिव्या न घालता यांच्याकडे बोलण्यासारखं काहीच नव्हतं. तेव्हा मी ठरवलं, आता दारात येणाऱ्या माणसांनाच विचारायचं.

दारात माणसांना तोटा नव्हता. निळ्यांकडून कॅरोल यायची, निवृत्त शिक्षिका, गळ्यात चष्मा. लालांकडून डग, निवृत्त प्लंबर, दारापेक्षा थोडा रुंद. दोघंही फोनमधली यादी बघून "इरा आहे का?" असं विचारायचे. इरा वरच्या मजल्यावरून हातानेच 'नाही' म्हणायची. मग मी सांगायचे, तिचं काय घेऊन बसलात, या घरात माझ्याशिवाय पान हलत नाही, मी आत्ताच नागरिक झालेय आणि माझं अजून ठरलेलं नाही. हे ऐकून दोघांचेही चेहरे इतके उजळायचे की चहा टाकल्याशिवाय मला राहवायचं नाही. चहाबरोबर चिवडा आलाच. आठवड्याभरात अशी वेळ आली की कॅरोल येताना मैत्रीण आणायला लागली आणि डग गाडीतून उतरतानाच आलं जास्त घाल म्हणून सांगायला लागला. श्रीकांत म्हणाला, "दोन्ही पक्षांचा प्रचार आपल्या खर्चाने चाललाय."

उत्तर मात्र एकालाही देता येत नव्हतं. डग सुरुवात करायचा, "आमचे उमेदवार ना... आता बघा, त्या लोकांनी काय करून ठेवलंय..." मी म्हणायचे, बाद. कॅरोल डोळे मिटून, विचार करून, अगदी जपून सुरू करायची आणि दुसऱ्या वाक्याला घसरायची. बाद. तिच्या मैत्रिणीने तर पहिल्याच शब्दाला समोरच्या उमेदवाराचं नाव घेतलं आणि चिवड्याची वाटी घट्ट धरून बसली.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी मी दिवाळीचा फराळ करायला बसले होते. चकलीचं पीठ मळून झालेलं, करंजीचं सारण तयार, आणि श्रीकांत नेमका पाठ धरून सोफ्यावर. तेवढ्यात कॅरोल आली. तिला आत घेतेय तोवर मागून डग. दोघं दारात समोरासमोर! एकमेकांच्या कोटावरचे बिल्ले वाचून दोघांचेही ओठ आवळले गेले. आता एकाला आत घ्यायचं आणि दुसऱ्याला थंडीत उभं करायचं, हे आमच्या नागपूरला कुणी केलेलं नाही. मी दोघांनाही आत घेतलं, हात धुवायला लावले आणि कामाला बसवलं.

डगच्या हातात सोऱ्या दिला. आयुष्यभर नळ आवळलेला माणूस तो! ज्या पिठाने माझे खांदे निखळतात, ते त्याने असं दाबलं की पहिली चकली ताटलीएवढी झाली. कॅरोलला करंज्या कातायला दिल्या. पहिल्या चार तळणीत फुटल्या, तेल काळं झालं, धूर झाला की वाजणारा छताचा भोंगा कोकलायला लागला आणि श्रीकांत पाठ विसरून खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालायला लागला. त्या गोंधळात डग कॅरोलला म्हणाला की कडा दुधाने चिकटव, आणि कॅरोल त्याला म्हणाली की हळू दाब. आमच्या राज्यात दोन पक्षांमध्ये झालेलं तेवढंच विधायक बोलणं असेल.

भोंगा थांबल्यावर मी शेवटचं विचारलं. मग डग सोऱ्या खाली ठेवून म्हणाला, "खरं सांगू? मला आमचे उमेदवार फारसे आवडत नाहीत."

कॅरोलने कातण बाजूला ठेवलं. "मलाही आमचे नाहीत."

मी कपाळावर हात मारला. तोही पिठाचा. म्हणजे इतके दिवस मी आल्याचा चहा पाजत होते तो कशासाठी? हरले मी, आणि तेही पोरीच्या देखत, कारण भोंग्याच्या आवाजाने इरा खाली येऊन जिन्यात उभी होती. आता ही कसली येतेय मतदानाला!

पण तिने मला सोडून त्यांनाच विचारलं, मग तुम्ही रोज उठून लोकांच्या दारात थंडीत का उभे राहता? कॅरोल म्हणाली, घरी बसून टीव्हीवर ओरडून पाहिलं, त्याने नुसता घसा बसतो. डग इराकडे वळला. "तू माझ्या विरुद्ध मत दिलंस तर मला वाईट वाटेल," तो म्हणाला. "पण तू आलीच नाहीस, तर मला जास्त वाईट वाटेल."

इराने एक फुटकी करंजी उचलली आणि म्हणाली, "फाइन. आय विल कम." मी एवढं बोलले त्याचं काही नाही! पण मला इतका आनंद झाला की मी दोघांनाही डबे भरून दिले, आणि दोघांनाही वाटलं की माझं मत आपल्याला.

मतदानाच्या दिवशी मी दिवाळीतली पैठणी नेसले. वर थंडीचा कोट, पण पदर दिसेल असा. शाळेच्या जिममध्ये रांग होती. मी पुढे, मागे इरा. रांगेत मी तिला लोकशाहीबद्दल राहिलेलं सगळं सांगितलं, आजूबाजूच्या चार जणांनाही ते इंग्रजीत ऐकवलं. टेबलामागच्या आजींना ऐटीत नाव सांगितलं. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. परत फिरवलं. श्रीकांतचं नाव होतं. इराचं होतं. माझं नव्हतं.

"नोंदणी कधी केली होतीत?" आजींनी विचारलं.

"कसली नोंदणी? मी शपथ घेतली आहे!"

आजी फार गोड होत्या. त्यांनी हळूच सांगितलं की शपथ घेतल्याने माणूस नागरिक होतो; मतदार होण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्याची मुदत उलटून गेली आहे. आमच्याकडे मतदारयादीसाठी शाळेतले मास्तर दारात येतात, नाव विचारतात, चहा घेतात आणि जातात. इथे इतके लोक दारात आले, चहा घेऊन गेले, मी समजले झालं! माझ्या मागची सगळी रांग आता पैठणी बघत होती.

इरा मत देऊन आली ती कोटावर 'मी मत दिलं' असं स्टिकर लावूनच. मी बाहेर बाकावर बसले होते आणि मला चक्क रडू येत होतं. ती शेजारी बसली, माझा पदर नीट केला. श्रीकांतला फोन केला तर तो म्हणाला, "मला वाटलं, तू केलंच असशील. तू एवढी बोलत होतीस ना!"

इराने कुणाला मत दिलं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. निकाल लागला, जो काय लागायचा तो लागला. आता इथल्या कुठल्याही पार्टीत राष्ट्राध्यक्षांचा विषय निघाला की लोक माना हलवत उसासे टाकतात आणि एकमेकांकडे संशयाने बघतात. तेव्हा मी मान ताठ करून सांगते, "मी काही यांना मत दिलेलं नाही." आणि अख्ख्या पेनसिल्व्हेनियात हे दोन्ही पक्षांच्या घोळक्यात जाऊन, अगदी खरं बोलून सांगू शकणारी बाई मीच असेन.