साहेबांना प्रतवारी शिकवली ते दिवस

त्या वर्षांची आठवण आली की डोळ्यांपुढे आधी पांढरा उजेड येतो. शिरपूरच्या जिनिंग कारखान्यात, सरकी काढायच्या यंत्रांभोवती, कापसाचे तंतू दिवसभर हवेत तरंगायचे आणि दुपारच्या उन्हात माणसंही जराशी विरघळल्यासारखी दिसायची. ऐंशीनंतरची ती वर्षं. मी तिथं कापसाची प्रतवारी करायचो. दोन्ही हातांच्या चिमटीत कापूस धरून हलकेच ओढायचा, धाग्याची लांबी बघायची, मुठीत दाबून ओल जोखायची आणि प्रत सांगायची.

आमचे आधीचे मॅनेजर मी प्रत सांगितली की सगळ्यांसमोर म्हणायचे, "पुन्हा बघा." मी पुन्हा बघायचो. दोन वर्षांत अशी गत झाली, की एकदा बघून मला काही कळेचना. घरी बायकोनं भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तरी दुसरा घास घेऊन मगच बोलायचो.

त्यांची बदली झाली, नवे साहेब आले. पहिल्याच दिवशी ते माझ्याशेजारी कापसाच्या गंजीवर बसले.

"भाऊ, मला यातलं काही कळत नाही. शिकवा."

मला वाटलं, परीक्षा घेतायत. पण त्यांनी खरंच हात पुढे केला. मी त्यांच्या बोटांत कापूस ठेवला. किती वेळ आम्ही नुसते धागे ओढत बसलो होतो, कोण जाणे.

महिनाभरानं एका व्यापाऱ्याचा ट्रक आला. साहेबांनी वरवर बघून शब्द देऊन टाकला, माल उत्तम. मी कोपरापर्यंत हात आत घातला. खाली ओल होती.

"साहेब, हा नाही घेता येणार. गाठी बांधल्या तर आतून पिवळा पडेल."

व्यापारी हसला. "इथं साहेब कोण आहे?"

साहेबांनी स्वतः हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "चुकलो मी. प्रत हे ठरवतात."

ट्रक परत गेला. सरकी भरणारी अक्का जाता जाता म्हणाली, "भाऊ, आज तुमना आवाज बठ्ठासले ऐकू उना." माझा आवाज सगळ्यांना ऐकू आला होता तर.

त्यानंतर गाठी दाबायच्या प्रेसवरचा मिस्त्रीही पट्टा तुटायच्या आधीच, झिजलाय म्हणून, साहेबांकडे येऊन सांगू लागला. यंत्रं क्वचितच बंद पडायची. मी मात्र सायकल असूनही सकाळी पायीच निघायचो, उगाच लांबच्या रस्त्यानं. कामावर जातोय, एवढंच सुख मनात घोळवत.