डिस्किटआचेने टांगलेलं भांडं

खिंडीच्या अलीकडे हायवेवर चहाचा एकच तंबू आहे, आमच्या डिस्किटआचेचा; आचे म्हणजे ताई. आत शिरताच समोर तांब्याचं मोठं भांडं टांगलेलं दिसतं, गळ्यात मानाचा पांढरा शेला. आचेच्या धाकट्या बहिणीला मागणी घालताना नोरफेलने ह्यातूनच छांग, आमची जवाची दारू, पाठवली होती. घरच्यांनी ती आनंदाने प्यायली, आणि पठ्ठ्याने लेहची पोरगी केली! मी असते तर भांडं त्याच्या टाळक्यात घातलं असतं. आचेने टांगलं.

आता नोरफेल स्वतः गाडी चालवत पर्यटकांना गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, दाखवत फिरतो. चहाला दुसरीकडे थांबणार कुठे?

काल त्याच्या गाडीतल्या एका बाईंनी विचारलं, “हे पूजेचं आहे का हो?”

“सांग की रे! गाईड ना तू?” आचे म्हणाली.

नोरफेल खाली बघत पुटपुटला, “मुलाकडची छांग मुलीकडचे प्यायले, की लग्न पक्कं.”

“आणि मग मुलगाच फिरला तर?” बाईंनी विचारलं.

आचेने नोरफेलचा पेला शांतपणे काठोकाठ भरला.

“तर तो तुमची गाडी चालवतो, बाई, आणि दर फेरीला इथे येऊन हेच सांगतो.”