न निघालेला रंग

माझी तिसरी पोस्टिंग उत्तरेच्या बर्फाळ सेक्टरमध्ये होती. मी ईएमईचा, म्हणजे सैन्याच्या गाड्या नीट ठेवणाऱ्या शाखेचा. ट्रेड पेंटर. त्या हिवाळ्यात ऑर्डर आली की पुढच्या पोस्टवर जाणाऱ्या सगळ्या गाड्या पांढऱ्या करायच्या. सुभेदार साहेबांनी एका ओळीत सांगितलं, "ऊपर से कुछ नहीं दिखना चाहिए."

थंडीत रंग धरत नाही. पपडी सुटते. म्हणून मी घाई केली नाही. पत्रा घासला, प्रायमर मारला, टेंटमध्ये बुखारी, म्हणजे तिकडची शेगडी, लावून पत्रा गरम ठेवला, मग मॅट पांढऱ्याचे दोन हात दिले. एक हार्डटॉप, म्हणजे पत्र्याच्या छताची, जिप्सी होमराजकडे होती. लान्स नायक होमराज कुमरे, ड्रायव्हर. सालेकशाकडच्या गावचा. मी सौंदडचा. युनिटमध्ये आमच्या जिल्ह्याचे आम्ही दोघंच. दिवसभर हिंदी बोलायचो, एकमेकांशी मात्र आपली बोली.

रंग वाळला तेव्हा त्यानं किल्लीनं दरवाजावर ओरखडा काढून पाहिला. निघाला नाही.

"पक्का मारला गा तू," तो म्हणाला. "हा आता मेल्यावरच निघन."

मी हसलो. मला बरं वाटलं होतं. मग त्यानं गाडीपाशी उभं राहून फोटो काढून घेतला, घरी पाठवायला.

अकरा दिवसांनी तो पुढच्या पोस्टवर निघाला. वेळ ०९१०. सोबत एक रेडिओ ऑपरेटर. ०९४५ ला रस्त्यावर बर्फ घसरला आणि जिप्सी खाली नाल्यात गेली. १००५ ला रेडिओवर ऑपरेटरचा आवाज आला. मी तेव्हा कंट्रोल रूमच्या बाहेर जनरेटरच्या डब्याला रंग देत होतो. दार उघडं होतं.

ऑपरेटरचा पाय मोडला होता. होमराज ठीक होता. पेट्रोल जाळून धूर करायचा प्रयत्न त्यांनी केला, वारा तो जमिनीसरशी लोटत होता. रस्ता दोन किलोमीटर गाडला गेला होता, त्यामुळे नेमकी जागा कळत नव्हती. त्यांना शोधायला पायी पार्टी निघाली. ११३० ला हेलिकॉप्टर गेलं.

"हेलिकॉप्टर दिख रहा है?" कंट्रोलनं विचारलं.

"दिख रहा है. बिल्कुल ऊपर है. ओव्हर."

पायलटचं उत्तर आलं, "नाले में कुछ नहीं है. सब सफेद है."

हे तीनदा झालं. तीनदा ऑपरेटर म्हणाला, ऊपर है. तीनदा पायलट म्हणाला, कुछ नहीं. १२२० ला हवा बिघडली आणि हेलिकॉप्टर परत फिरलं. माझ्या हातात ब्रश होता. तो कधी खाली ठेवला, आठवत नाही.

पायी पार्टी १५५० ला पोहोचली. ऑपरेटर जिवंत होता. त्याच्या अंगावर दोन पांढरे स्नो कोट होते, एक त्याचा, एक होमराजचा. होमराज नुसत्या हिरव्या जर्सीत गाडीच्या छतावर पडलेला होता. हातात व्हील पाना.

ऑपरेटरनं नंतर मला सांगितलं. दुसऱ्या फेरीनंतर होमराज म्हणाला, हिरवं तरी दिसेल. कोट काढून त्याच्यावर टाकला, छतावर चढला आणि पान्यानं रंग खरवडू लागला. खालचा हिरवा पत्रा उघडा करायचा होता त्याला. रंग निघत नव्हता.

शवपेटीसोबत मीच गेलो, कारण मी जिल्ह्यातला. त्याच्या बायकोला सांगितलं, बर्फ घसरला, ॲक्सिडेंट झाला. तिची मुलगी चार वर्षांची होती. एवढंच सांगितलं आणि परत ड्यूटीवर गेलो.

आता मी निवृत्त आहे. सौंदडला हायवेलगत शेड आहे. जंगलात चालणाऱ्या जीपगाड्यांना कोटिंग करून देतो. ती मुलगी, प्रीती, ढोरांची डॉक्टर झाली. सालेकशाकडच्या गावांत फिरते. यंदा उन्हाळ्यात तिनं जुनी फोर-बाय-फोर घेतली आणि माझ्याकडे आणली.

मी गाडीभोवती फिरून नेहमीप्रमाणे सांगितलं. चेसिसला खालून रबराचं कोटिंग, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज. दाराच्या खालच्या भागाला खरबरीत कोटिंग, पिकअपच्या हौद्यात मारतात ते. गोटे उडले तरी टवका निघत नाही. वर सिरॅमिक मारलं तर चिखल पाण्यानं उतरतो, पण घाणेरीच्या फांद्यांचे ओरखडे ते थांबवत नाही. त्याला पारदर्शक फिल्म लागते.

"आन रंग?" मी विचारलं. "मिलिटरी हिरवा सोडून कोणताबी सांग. तो सिविलियनले चालत नाई. बाकी रंग बदलला का आरटीओत नोंद करा लागते."

तिनं मोबाइल पुढे केला. तोच फोटो. "काका, अशी करा. मॅट पांढरी. पप्पाच्या गाडीवानी."

"पांढरी नोको."

"काऊन?"

"नोको म्हणलं न."

"तुमीच मारला होता न तो रंग? आई सांगते. मंग काऊन नोको?"

मी तिला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. हेलिकॉप्टरच्या तीन फेऱ्या, कोट, पाना. शेवटी तिनं विचारलं, "रंग किती निघाला होता?"

मी तिच्या गाडीच्या छतावर बोटानं दाखवलं. एक वीतभर.

मग जे ऑपरेटरलाही माहीत नाही, तेही सांगितलं. वसंतात जिप्सी वर काढली. वर्कशॉपमध्ये आली. कामाच्या कार्डावर लिहिलं होतं, डेंट काढा, रंग टच-अप करा. कामाला माझं नाव होतं. त्या वीतभर जागेत पान्याचे वण खोल गेले होते. मी पुट्टी भरली, घासलं, पांढरा मारला. चाळीस मिनिटं लागली. त्याचं शेवटचं काम मी माझ्या हातानं बुजवलं.

"कोनाले सांगितलं काऊन नाई?" तिनं विचारलं.

"कोणी विचारलं नाई."

"मी आता विचारून राहिली."

तिनं किल्ली बेंचवर ठेवली आणि बस पकडून गेली. तीन दिवस फोन नाही. चौथ्या दिवशी सकाळी आला.

"काका, रंग तुमी ठरवा. गाडी वरून दिसली पायजे, बस. आन आईले हे तुमीच सांगाचं. मी नाई सांगत."

छत नारिंगी केलं. गाडी द्यायला मी स्वतः सालेकशाकडे गेलो आणि त्यांच्या अंगणात बसून तिच्या आईला सांगितलं. तिनं ऐकलं. आत गेली. बाहेर आली तेव्हा एकच विचारलं, "त्याले लय थंडी वाजली असन, नाई?"

मी हो म्हणालो.

होमराजच्या कागदावर मृत्यूची वेळ १५५० आहे, कारण पार्टी तेव्हा पोहोचली. ऑपरेटर सांगतो, छतावरचा पान्याचा आवाज एक वाजेपर्यंत येत होता. तो मधूनमधून थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. एकनंतर आला नाही. मी एकची वेळ धरतो.